होकार समजावा

बुधवारी दुपारी माझंच एक वाक्य मला परत भेटलं. मी चहाचा कप घेऊन जागेवर येत होतो आणि नकाशेवाला माझ्या टेबलाशी उभा होता. आमच्या ऑफिसात आकृत्या आणि आराखडे काढायचं काम त्याच्याकडे, म्हणून सगळे त्याला नकाशेवाला म्हणतात. त्यालाही ते आवडतं. डोळ्याचं ऑपरेशन करून तो पाच दिवसांनी कामावर आला होता आणि डाव्या डोळ्यावर अजून हिरवं कापड होतं. "माझी यादी रिकामी आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, नशीबवान आहेस, माझी घे. तो हसला नाही, तेव्हा मी कप ठेवला आणि त्याच्यामागून त्याच्या स्क्रीनपाशी गेलो. गेल्या आठवड्यात तिथे एकेचाळीस कामं होती. आता पांढरं पान होतं आणि तळाशी बारीक अक्षरात एजंटची नोंद होती: सदर कामे दुसऱ्या गटाकडे द्यावीत काय, अशी विचारणा केली. बहात्तर तासांत उत्तर आले नाही. होकार समजला. कामे दिली. नकाशेवाल्यानं उघड्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हा नियम कुणाचा, असं विचारलं. मी म्हणालो, बघतो. खरं तर बघायचं काहीच नव्हतं. 'होकार समजावा' हे मीच लिहिलं होतं, चौदा महिन्यांपूर्वी, अशाच एका दुपारी, आणि लिहून झाल्यावर चहा प्यायला गेलो होतो.

मी काय काम करतो हे घरी मला कधी धड सांगता आलेलं नाही. वीस वर्षं मी माहितीपुस्तिका लिहिल्या. मिक्सर, गिझर, पाण्याचे पंप, एकदा तर शिलाई मशीन. 'भांडे पूर्ण बसल्याखेरीज बटण दाबू नये.' 'ओल्या हाताने प्लग काढू नये.' ही सगळी माझी वाक्यं. ती कुणी वाचत नाही हे पहिल्या वर्षीच कळलं होतं. लोक खोकं फोडतात, पुस्तिका ड्रॉवरमध्ये टाकतात आणि ओल्या हातानं प्लग काढतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. न वाचणाऱ्यासाठी लिहिण्यात एक निवांतपणा असतो. आपल्या वाक्यानं जगात कुणाचं काही बिघडत नाही. मग मी या कंपनीत आलो. यांचं सॉफ्टवेअर मोठ्या कामांची आखणी करतं: कुठलं काम कुणाकडे, कधीपर्यंत, कशानंतर काय. पूर्वी ते माणसं चालवायची, आता माणसांच्या वतीनं एजंट चालवतो. हल्ली मी एजंटसाठी लिहितो, असं बायकोला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, विम्याचा का? मी म्हटलं, अगं हा माणूस नाही, प्रोग्राम आहे. त्याच्या हाताशी तीसेक साधनं असतात, काम उघडायचं, सोपवायचं, बंद करायचं, कुणाला काही विचारायचं, आणि कुठलं साधन कधी वापरायचं, कधी वापरायचं नाही, हे मी त्याला लिहून देतो. ती म्हणाली, म्हणजे नव्या सुनेला घर समजावून सांगायचं तसं. मी इतका वेळ जे सांगत होतो ते तिनं एका वाक्यात सांगितलं आणि ती कुकरकडे वळली.

फरक एकच होता आणि तो ध्यानात यायला मला आठवडा लागला. एजंट वाचतो. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचतो, आणि प्रत्येक कामाआधी नव्यानं वाचतो. मी 'आवश्यक वाटल्यास कळवावे' असं लिहिलं होतं, तर त्यानं कधीच कुणाला काही कळवलं नाही, कारण त्याला कधी काही वाटलं नाही. 'शक्यतो टाळावे' लिहिलं, तर शक्य होतं तितक्या वेळा त्यानं टाळलं, म्हणजे कायमचं. ज्याला वीस वर्षं कुणी वाचलं नाही त्याला असा वाचक मिळाल्यावर आनंद व्हायला हवा. मला झाला, दोन दिवस. नंतर मला मानेच्या मागे कुणीतरी असल्यासारखं वाटू लागलं. घरी पोराला 'बघू' म्हणताना मी अडखळायचो. रस्त्यात ओळखीचा कुणी भेटून 'या एकदा घरी' म्हणाला की मला विचारावंसं वाटायचं, कधी, किती वाजता, आणि नाही आलो तर काय समजाल. असं काही मी विचारलं नाही, पण ते तोंडाशी यायचं आणि त्याची मला भीती वाटायची.

त्या साधनाचं नाव 'विचारणा'. एजंटला माणसाकडून काही हवं असलं की तो प्रश्न पाठवतो, उत्तर येतं, काम पुढे सरकतं. कुणाला विचारावे, किती शब्दांत विचारावे, एका वेळी दोन प्रश्न विचारू नयेत, हे सगळं मी लिहिलं होतं. उत्तर आलंच नाही तर काय, एवढं लिहायचं राहून गेलं. चाचणीच्या दिवसांत एक गृहस्थ सुट्टीवर गेले आणि एजंट त्यांच्या उत्तरासाठी थांबला. अकरा दिवस थांबला. त्याच्यामागे साठ माणसांचं काम अडलं. त्याला कंटाळा नाही, घरी जायचं नाही, आणि थांबू नको असं त्याला कुणी सांगितलेलं नाही, मग तो का हलेल? आमच्या विभागाच्या प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणतो, त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, याचं हे थांबून राहणं आधी बंद करा. मी त्यांच्यासमोरच लिहिलं: बहात्तर तासांत उत्तर न आल्यास होकार समजावा. एका दमात लिहिलं, खाडाखोड नाही. बाईंना आवडलं. इतकं नेटकं वाक्य इतक्या सहज सुचलं म्हणून मलाही जरा कॉलर ताठ करावीशी वाटली होती.

तर त्या बुधवारी नकाशेवाल्याची एकेचाळीस कामं एकेक करून परत आणायला संध्याकाळ झाली. तो बाजूला बसून होता, कापडाखालून गळणारं पाणी रुमालानं टिपत. मध्येच म्हणाला, मला कुणी हाक मारली असती तर मी ओ दिली असती, मी फक्त झोपलेलो होतो. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. निघण्याआधी मी ते वाक्य खोडलं आणि दुसरं लिहिलं: बहात्तर तासांत उत्तर न आल्यास होकार समजू नये. पुन्हा विचारावे. मग दिवा घालवून चालत निघालो. डोक्यात तो 'समजावा' घोळत होता. समजावा, द्यावे, करावे, टाळावे. माझा आयुष्यभराचा धंदा या 'वा' आणि 'वे'वर चाललाय. मोठी सोयीची क्रियापदं आहेत ही. कुणी करायचं ते त्यांच्यात दिसत नाही, कुणी सांगितलं तेही दिसत नाही. काम तेवढं होतं आणि कुणाचे हात खराब होत नाहीत. औषधाच्या दुकानासमोर सिग्नलला उभा असताना मला एकदम कळलं, की हे वाक्य मी ऑफिसात बनवलेलंच नाही. म्हणून ते एका दमात आलं होतं. ते आमच्या घरचं आहे. ताईनं थांबावं. ताईनं आईजवळ झोपावं. ताईनं यावं. आमच्या घरात ताईबद्दल कुणी दुसऱ्या भाषेत बोललेलंच मला आठवेना. सिग्नल सुटला, पुन्हा लागला, आणि मागच्या माणसानं मला खांद्याला धरून बाजूला केलं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. ती फार कमी बोलते. घरात ती आहे हे आवाजानं कळत नाही, वस्तू जागच्या जागी सापडतात यावरून कळतं. 'ताईला काय विचारायचं, तिचं काही म्हणणं नसतं,' हे मी बाबांकडून ऐकलं, आईकडून, आत्याकडून, आणि पुढे स्वतः कौतुकानं लोकांना सांगितलं. ती एकोणीस वर्षांची होती तेव्हा दुसऱ्या गावच्या एका संस्थेतून तिला पत्र आलं होतं. रक्त तपासायचं शिक्षण तिथे मिळायचं, तिला जागा मिळाली होती, राहायची सोयही होती. आम्ही जेवत होतो. बाबा मान वर न करता म्हणाले, "तुझ्याशिवाय तुझ्या आईला जमायचं नाही. राहतेस ना?" ताई पाण्याचा जग घेऊन उभी होती. बाबांनी घास घेतला, चावला, गिळला आणि म्हणाले, बरं. एका घासाचा वेळ. आमचा एजंट निदान बहात्तर तास थांबायचा. मी दहा वर्षांचा होतो, मला पाणी हवं होतं आणि ती वाढेना म्हणून मी तिच्याकडे पाहिलं, त्यामुळे तिचा चेहरा मला आठवतो. दु:खी वगैरे नव्हता. ऐकलेला प्रश्न आत कुठेतरी खाली खाली जात असावा आणि ती त्याच्याकडे बघत असावी, तसा होता. जेवून सगळे उठले, दिवाणखान्यात रेडिओ लागला, तरी ती तिथेच उभी होती, जग हातात धरून.

मग एक शाळामास्तर सांगून आले होते. पायानं किंचित अधू, पण हसरे. चहा घेऊन गेले. आत्या दारात चपला घालता घालता ताईला म्हणाली, तुझ्या मनात काही नाही ना गं, आणि दुसऱ्या पायात चप्पल घालून होईपर्यंत ताई काही बोलली नाही, म्हणून आत्यानं नकार कळवून टाकला. आईचं दुखणं अकरा वर्षं चाललं, त्यात तर ताईला कुणी काही विचारलंच नाही, तेवढीही वेळ आली नाही. आणि तिची खोली. ते मी केलं. माझ्या मुलाला अभ्यासाला जागा हवी होती. मी सुताराला घेऊन तिच्या खोलीत गेलो, टेपचं एक टोक त्याच्या हातात होतं, एक माझ्या, आणि मी भिंतीकडे बघत म्हटलं, ताई, तू बाहेरच्या खोलीत झोपशील ना? पुढच्या क्षणी मी सुताराला आकडे सांगायला सुरुवात केली होती. सुतारच थोडा थांबला होता. त्यानं ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पेन्सिल कानावरून काढली.

आई जाऊन आठ महिने झाले होते. आई गेल्यावर सगळे म्हणू लागले, ताई आता मोकळी झाली, आणि महिन्याभरात तिच्या मोकळेपणाचं काय करायचं हेही ठरलं. माझा धाकटा भाऊ दूरच्या शहरात असतो. त्याची बायको पुन्हा कामावर जाणार होती, घरात दोन लहान मुलं. त्याचा फोन आला तेव्हा मी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला होता. "ताई, येतेस ना?" धाकट्यानं विचारलं. ताई खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले. फोनमध्ये त्याच्याकडची गाणी ऐकू येत होती, कुठलं तरी मूल रडत होतं. ती शांतता मला सहन झाली नाही. तो माणूस तिकडे फोन धरून बसलाय, त्याला किती वेळ तिष्ठत ठेवायचं, असं काहीसं वाटलं आणि मी म्हणालो, येईल रे, न यायला काय झालं. शनिवारी सकाळचं तिकीट निघालं. परतीचं काढलं नव्हतं, आणि ते न काढण्याबद्दलही कुणी काही बोललं नव्हतं. तिथे गेली की ती तिथलीच होणार, दिवसभर मुलं, संध्याकाळी स्वयंपाक, आणि मग कधी तरी तिकडेच ती म्हातारी होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. बुधवारी घरी पोचलो तेव्हा बायको ताईची बॅग भरत होती आणि ताई तिला एकेक कपडा हातात देत होती. मी दोघींकडे बघत दारात उभा राहिलो.

गुरुवारी ऑफिसात शिरलो तर कुणी बोलत नव्हतं. सगळे जागेवर होते, दिवे लागलेले, कॉफीच्या यंत्राचा वास, आणि तेवीस माणसं आपापल्या स्क्रीनकडे बघत बसलेली. मी माझी स्क्रीन उघडली. एजंटनं नवीन वाक्य वाचलं होतं. त्याची नोंद होती: सुधारित सूचनेनुसार यापूर्वी समजलेले होकार ग्राह्य नाहीत. संबंधितांना पुन्हा विचारत आहे. मी कपाळावर हात मारला. 'यापुढे' लिहायचं राहिलं होतं. 'यापुढे होकार समजू नये' असं हवं होतं. गिझरच्या पुस्तिकेत हा शब्द गळला असता तर काय फरक पडला असता? इथे मात्र एजंट एका शब्दाच्या फटीतून मागे गेला होता, चौदा महिने मागे, आणि दोनशे चौदा प्रश्न उकरून घेऊन आला होता. तुमची बसण्याची जागा खिडकीपासून हलवावी काय. तुमचे नाव या अहवालातून वगळावे काय. तुमची प्रशिक्षणाची रजा पुढे ढकलावी काय. हे सगळं कधीच होऊन गेलं होतं. जागा हलल्या होत्या, नावं वगळली होती. आणि आता प्रत्येकाला शांतपणे, नम्रपणे, पहिल्यांदाच विचारावं तसं विचारलं जात होतं.

दहाच्या सुमारास उत्तरं यायला लागली. ती माझ्या स्क्रीनवर एकाखाली एक उमटत होती. नाही. नोंद घेतली. नाही. नोंद घेतली. मधेच एखादा होकार, मग पुन्हा नाही, नाही, नाही. समोर बसणारी चाचणी विभागातली बाई, जी गेली दोन वर्षं माझ्याशी हसून बोलते, तिनं एक बटण दाबलं आणि माझ्या स्क्रीनवर एक 'नाही' आलं. तिनं मान वर केली नाही. कुणी कुणाशी तक्रार करत नव्हतं, त्यामुळे ते जास्तच भयंकर वाटत होतं. आमचे मुद्रितवाले काका, जे चुका तपासायचे आणि गेल्या वर्षी वारले, त्यांचंही नाव यादीत परत आलं होतं. ते गेल्यावर एजंटनं त्यांनाच विचारलं होतं, तुमचे नाव यादीतून काढावे काय. तीन दिवसांनी होकार समजून नाव काढलं होतं. आता नाव परत जागेवर होतं आणि पुढे लिहिलं होतं: उत्तराच्या प्रतीक्षेत. तो दर तीन दिवसांनी त्यांना विचारत राहणार होता, कारण किती वेळा विचारावे हेही मी लिहिलं नव्हतं. नकाशेवाला माझ्या मागे येऊन उभा राहिला, एका डोळ्यानं ते नाव वाचलं आणि जागेवर परत गेला.

मलाही एक प्रश्न आला होता. काकांचे तपासणीचे काम तुमच्याकडे द्यावे काय. ते काम मी दहा महिने करत होतो. बाईंनी दिलं असेल असं धरून चाललो होतो, मनातल्या मनात त्यांच्यावर चिडतही होतो. प्रश्न मी पाहिलाच नव्हता किंवा पाहून सोडून दिला होता, आठवत नाही. आता तो माझ्यापुढे होता, खाली दोनच बटणं, आणि माझं बोट कुठल्याच बटणावर जाईना. मला ते काम नको होतं का? तसंही म्हणवेना. काकांच्या लाल पेन्सिलीच्या खुणा असलेली जुनी पानं मला आवडत होती. नाही म्हणावं तर इतके दिवस केलं त्याचं काय, हो म्हणावं तर हे कुणाला सांगतोय मी. वीस मिनिटं मी तसाच बसून होतो. बाई आल्या तेव्हा मला दचकायला झालं. त्या म्हणाल्या, "एक शब्द राहिलाय तुमचा. तो घाला आणि मिटवा हे सगळं." मी म्हणालो, आज संध्याकाळपर्यंत घालतो. संध्याकाळी घातला नाही. उत्तरं अजून येत होती, आणि त्यांना मधेच अडवायचा मला धीर झाला नाही.

शुक्रवारी दुपारी घातला. मी काही शूर माणूस नाही, बाईंनी दुसऱ्यांदा सांगितल्यावर मी घातला. 'यापुढे'. एजंटनं तो वाचला आणि सगळ्या स्क्रीनवरून जुने प्रश्न निघून गेले. काकांचं नाव गेलं. तोवर एकशे सत्तावन्न 'नाही' जमले होते आणि त्यांचं काय करायचं याचं साधन आमच्याकडे नव्हतं. ते नोंदीत तसेच राहिले. लोक पुन्हा बोलायला लागले, जरा जास्तच मोठ्यानं. फक्त चाचणी विभागातली ती बाई उठली, तिनं आपलं टेबल दोन्ही हातांनी ढकलत ढकलत खिडकीशी नेलं, तारा लोंबत होत्या, आणि तिला कुणी थांबवलं नाही. मी पिशवी उचलली आणि पाच वाजायच्या आत घरी निघालो. चालताना मला घाम फुटला होता. ताई उद्या सकाळी जाणार होती आणि तिला खरंच जायचंय का हे या जगात एकाही माणसाला माहीत नव्हतं.

बाहेरच्या खोलीत अजून उजेड होता. भरलेली बॅग दाराशी उभी होती. ताई तिच्या कॉटवर बसून धुतलेले अभ्रे घडी करत होती, उद्यापासून त्या उशांवर ती झोपणार नव्हती तरी. मी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसलो. वाक्य मी येताना रस्त्यात दहा वेळा जुळवलं होतं. आमच्या घरात तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला शेवटी 'ना' चिकटलेला होता, राहतेस ना, झोपशील ना, येतेस ना, तो मी काढून टाकला होता.

"ताई," मी म्हटलं, "तुला धाकट्याकडे जायचंय का?"

तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली, अभ्र्याकडे. मी थांबलो. थांबणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. पहिल्या मिनिटाला माझ्या तोंडात तीन वाक्यं आली: तसं तिथे तुला बरंच वाटेल, नको असलं तर स्पष्ट सांग, मी आपलं सहज विचारलं. तिन्ही गिळली. स्वयंपाकघरातून बायको काहीतरी विचारायला आली, मी हात वर केला, ती दारातच उभी राहिली आणि मग मागच्या पावली आत गेली. धाकट्याचा फोन वाजला, वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. खिडकीतला उजेड कॉटवरून सरकत भिंतीवर चढला. ताईचा चेहरा तोच होता, तो जग हातात धरलेला, आणि मला पहिल्यांदा उमगलं की ही काही गप्प नाहीये, ही अजून विचार करतेय. आम्ही फक्त कधी इतका वेळ बसलो नव्हतो. माझी पाठ भरून आली होती. मला तिची भीती वाटत होती, आणि स्वतःचीही, आणि इतकं असूनही मला उठायचं नव्हतं.

"नाही," ताई म्हणाली.

तिचा आवाज अगदी साधा होता. माझे डोळे भरून आले. मी म्हणालो, बरं झालं बोललीस, आत्ता त्याला फोन करतो, तिकीट रद्द करतो, तू कुठेही जायचं नाहीस. बोलता बोलता मी उठलोसुद्धा होतो. ताईनं मान हलवली.

"हे तुझं नव्हे," ती म्हणाली. "बाबांनी विचारलं होतं, राहतेस ना म्हणून. त्यांचं सांगितलं."

बाबांना जाऊन सोळा वर्षं झाली. मी हळूच पुन्हा स्टुलावर टेकलो. तिनं हातातल्या अभ्र्याची घडी पुरी केली, बाकीच्यांवर ठेवली, दुसरा घेतला. तो घडी करायला तिला नेहमीइतकाच वेळ लागला, तरी मला तो संपेना. मग ती म्हणाली, "मास्तरांना, हो." आणि पुन्हा थांबली. आतून बायकोच्या हातातलं भांडं ठेवल्याचा आवाज आला नि त्यानंतर घरात काहीच वाजलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, प्रेमानं बघत होती, लहानपणी मला ताप आला की बघायची तशी, आणि तिच्या मागे भिंतीवर उजेड जवळजवळ संपला होता.

"तुझ्यापर्यंत यायला अजून वेळ आहे," ताई म्हणाली. "बसशील का?"

मी तोंड उघडलं. धाकट्याला फोन करायचा होता, तिकीट सकाळचं होतं, बायको आत ताटकळत उभी होती, आणि मधल्या चाळीस वर्षांत मी तिला काय काय विचारलं होतं ते मला सगळं आठवत नव्हतं. ताईनं हातातला अभ्रा खाली ठेवला आणि ती माझ्या उत्तरासाठी थांबली.